मोफत प्लग-इन : देणगी, उसनवारी की चोरी?

छायाचित्र स्टुडिओंच्या संगणकावरील ‘फुकट’ सॉफ्टवेअरचा ताळेबंद

छत्रपती संभाजीनगर, (प्रतिनिधी) : तुळशीचे लग्न लागले, की शहरातील छायाचित्रकारांची झोप उडते. दिवसा मंगल कार्यालय आणि रात्री संगणक, असा त्यांचा दिनक्रम पुढे अनेक महिने चालतो. एका लग्नाची हजारो छायाचित्रे निवडायची, मंडपाच्या पिवळ्या-जांभळ्या दिव्यांनी बिघडवलेले रंग सुधारायचे, चेहरे उजळायचे आणि ठरल्या दिवशी अल्बम हाती द्यायचा. हे सारे वेळेत व्हावे म्हणून छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरला जी छोटी जोडसाधने लावली जातात, त्यांना प्लग-इन म्हणतात. त्यांतील अनेक मोफत मिळतात, किंवा तशी समजूत तरी असते.

हा विषय आता नव्याने चर्चेत येण्यास दोन घटना कारणीभूत आहेत. १६ मार्च २०२५ रोजी ‘गिम्प’ या मुक्त सॉफ्टवेअरची तिसरी आवृत्ती आली. त्यानंतर ३० ऑक्टोबर २०२५ रोजी ‘कॅनव्हा’ या कंपनीने ‘अ‍ॅफिनिटी’ हे आतापर्यंत विकत मिळणारे व्यावसायिक सॉफ्टवेअर मोफत केल्याची घोषणा केली. फोटोशॉपसाठी लिहिलेली अनेक प्लग-इन अ‍ॅफिनिटीतही चालविता येतात. म्हणजे मूळ सॉफ्टवेअर मोफत आणि त्याला जोडायची साधनेही मोफत, अशी सोय छोट्या स्टुडिओला आज प्रथमच इतक्या सहजतेने उपलब्ध झाली आहे. आनंदाचीच ही गोष्ट. मात्र, ‘फुकट ते पौष्टिक’ या न्यायाने जे मिळेल ते संगणकात भरण्यापूर्वी हे फुकट नेमके कोणाचे, किती दिवसांचे आणि कशाच्या बदल्यात, याचा विचार व्हायला हवा. कारण ज्या व्यवसायात ग्राहकाचा तो क्षण पुन्हा टिपता येत नाही, तेथे साधन दगा देते तेव्हा नुकसान केवळ पैशांचे होत नाही.

प्लग-इन म्हणजे काय?

संपादनाचे मूळ सॉफ्टवेअर हे घर मानले, तर प्लग-इन ही बाहेरच्या कारागिराने त्यात आणून बसवलेली वस्तू. अ‍ॅडोबीचे फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आले. थॉमस आणि जॉन नोल या भावंडांनी ते घडविले होते. बाहेरच्या प्रोग्रामरनाही त्यात भर घालता यावी, अशी त्याची रचना होती. १९९२ मध्ये आलेल्या ‘काईज पॉवर टूल्स’ या संचाने या जोडसाधनांची स्वतंत्र बाजारपेठच उभी केली. पुढे सुरकुत्या पुसणारे, अंधारातील छायाचित्रावरचे दाणे कमी करणारे, जुन्या फिल्मची छटा देणारे अशी शेकडो साधने निघाली.

आपल्याकडील स्टुडिओंत ‘अ‍ॅक्शन’, ‘प्रीसेट’ आणि ‘प्लग-इन’ हे तिन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. तेथेच पहिली गफलत होते. अ‍ॅक्शन म्हणजे सॉफ्टवेअरमधल्याच आज्ञांची नोंदवून ठेवलेली मालिका. प्रीसेट म्हणजे साठवून ठेवलेली मापे. या दोहोंचा आवाका मूळ सॉफ्टवेअरपुरताच असतो. प्लग-इन मात्र स्वतंत्र प्रोग्राम आहे. फोटोशॉपमध्ये ‘८बीएफ’ शेपटीची फाईल ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकली, की ती मूळ सॉफ्टवेअरच्याच अधिकाराने चालू लागते. फोटोशॉपला जी फाईल उघडता येते, ती त्या प्लग-इनलाही उघडता येते. इंटरनेटशी संपर्क साधता येतो आणि वाटल्यास फाईल पुसताही येते. अनोळखी प्लग-इन बसविणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती दुकानाची किल्ली देणे होय. ती कोण मागतो आहे, हे पाहण्याची तसदी किती जण घेतात?

मोफत आणि मुक्त

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने दोन वेगळ्या कल्पनांचे काम भागविले जाते आणि त्यातून गोंधळ होतो. मराठीचे तसे नाही. आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वच्छ शब्द आहेत. मोफत म्हणजे पैसे न घेता दिलेले. मुक्त म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही पाहता, बदलता आणि पुढे वाटता येते असे. या दोहोंत तिसऱ्या प्रकाराची भर बाजाराने घातली आहे : कुलूप तोडलेले, म्हणजे ‘क्रॅक’ केलेले. पेन ड्राइव्हमधून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाणारे हे सॉफ्टवेअरही ‘फुकट’ म्हणूनच ओळखले जाते. या तिघांची किंमत वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या रूपांत वसूल होते.

उसनवारीची गोष्ट : ‘निक कलेक्शन’

कंपनीने मोफत दिलेल्या साधनाचे काय होऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘निक कलेक्शन’. रंगांसाठी ‘कलर इफेक्स’, कृष्णधवलासाठी ‘सिल्व्हर इफेक्स’, दाणे घालविण्यासाठी ‘डिफाइन’ अशा सात प्लग-इनचा हा संच जगभरातील व्यावसायिक छायाचित्रकारांच्या पसंतीचा होता. एके काळी या संपूर्ण संचासाठी ५०० डॉलरच्या आसपास मोजावे लागत. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने निक सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली आणि पुढच्या वर्षी संचाची किंमत १४९ डॉलरवर आणली. २४ मार्च २०१६ रोजी तर तो पूर्णपणे मोफत करण्यात आला. त्या वर्षी ज्यांनी विकत घेतला होता, त्यांना पैसेही परत देण्यात आले.

ज्यांना इतकी महाग साधने कधीच परवडली नसती, अशा असंख्य स्टुडिओंचे दरवाजे त्या दिवशी उघडले. अनेकांनी आपली कामाची पद्धत त्याभोवतीच बांधली. परंतु वर्ष उलटून थोडेच दिवस झाले होते, तोच मे २०१७ मध्ये गुगलने या संचात यापुढे सुधारणा करण्याचा विचार नसल्याचे जाहीर केले. फोटोशॉपच्या २०१५ च्या आवृत्तीपर्यंतच तो चालेल, असे सांगण्यात आले. त्यानंतर संगणक किंवा फोटोशॉप नवे घेतले, की प्लग-इन अडखळण्याची भीती. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘डीएक्सओ’ या फ्रेंच कंपनीने हा संच गुगलकडून घेतला. जून २०१८ मध्ये त्याची दुरुस्त आवृत्ती आली, ती पैसे मोजणाऱ्यांसाठी.

यात कोणी कोणाची फसवणूक केली, असे म्हणता येणार नाही. गुगलने दिलेले वचन मोडले नाही, कारण सदासर्वकाळ सांभाळण्याचे वचन मुळात दिलेच नव्हते. डीएक्सओनेही संच सांभाळायचा तर त्याचा खर्च काढणे क्रमप्राप्त होते. मुद्दा एवढाच, की कंपनीने मोफत दिलेली वस्तू ही उसनी असते आणि ती परत कधी मागायची, हे देणारा ठरवितो. अ‍ॅफिनिटीच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवायला हवे. ते मोफत असले, तरी त्यासाठी कॅनव्हाचे खाते उघडावे लागते आणि त्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने सशुल्क ग्राहकांसाठी राखून ठेवली आहेत. ग्राहक आपल्या छताखाली आणण्यासाठी कंपनीने केलेला हा खर्च आहे. तो तिला परवडेनासा झाला, तर काय होईल, याचे उत्तर आपल्या हाती नाही. म्हणून ते वापरूच नये असे नव्हे. केवळ त्याच्या भरवशावर सगळे घर बांधू नये.

मुक्ततेचे बळ आणि मर्यादा

मुक्त सॉफ्टवेअरचे गणित निराळे आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी गिम्पचे काम सुरू केले. ते दोघे केव्हाच दुसऱ्या कामाला लागले. गिम्प मात्र इतरांनी चालू ठेवले. प्लग-इनच्या बाबतीतही तेच. छायाचित्रातील नको असलेली वस्तू काढून तिच्या जागी आजूबाजूसारखाच भाग भरणारे ‘रिसिंथेसायझर’ हे प्लग-इन पॉल हॅरिसन यांनी लिहिले. असेच काम करणारी ‘कंटेंट-अवेअर फिल’ ही सोय फोटोशॉपमध्ये २०१० साली आली, तेव्हा गिम्प वापरणाऱ्यांना तिचे फारसे अप्रूप वाटले नाही. त्यांच्याकडे ती आधीपासून होती. फ्रान्समधील काँ शहरातील संशोधन संस्थेत २००८ पासून विकसित होत असलेल्या ‘जीमिक’ या मुक्त संचात ५०० हून अधिक फिल्टर आहेत. ते गिम्पमध्ये चालतात, ‘क्रिता’मध्ये चालतात आणि विंडोजवर फोटोशॉपला जोडण्याचीही सोय आहे.

मात्र, मुक्त आहे म्हणून ते कष्टाविना मिळते, हाही गैरसमजच. सुमारे सात वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आलेल्या गिम्पच्या तिसऱ्या आवृत्तीत अंतर्गत रचना बदलली. परिणामी पायथॉनच्या जुन्या आवृत्तीत लिहिलेली कितीतरी प्लग-इन जशीच्या तशी चालेनात. ती नव्याने जुळवून घ्यावी लागली. ज्यांची देखभाल करणारे कोणी उरले नव्हते, ती मागे पडली. शिवाय छपाईसाठी लागणाऱ्या रंगपद्धतीत फोटोशॉपची सवय असलेल्या कारागिराला गिम्पमध्ये आजही अडचण भासते. अल्बम छापणाऱ्या लॅबपर्यंतची सारी साखळी फोटोशॉपभोवती बांधलेली आहे. त्यामुळे एखाद्या स्टुडिओने एकदम सगळे बदलावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

तरीही एक फरक मूलभूत आहे. कंपनीने प्लग-इन बंद केले, की वापरणाऱ्याला हात चोळत बसण्याखेरीज गत्यंतर नसते. मुक्त प्लग-इन बंद पडले, तर ज्याला येते तो ते पुन्हा चालू करू शकतो. तशी कायदेशीर मुभा त्याला असते. आपल्या शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे, शासकीय कला महाविद्यालय आहे. मंडपातील दिव्यांमुळे बिघडलेला रंग सुधारणारे किंवा पैठणीच्या जरीची चमक अचूक दाखवणारे एखादे मुक्त प्लग-इन येथील विद्यार्थ्यांनी घडविले, तर त्याचा उपयोग गावोगावच्या स्टुडिओंना होईल. हे काम करायला कोणाची परवानगी लागत नाही, हेच मुक्त सॉफ्टवेअरचे खरे मोल.

‘क्रॅक’चा महागडा फुकटपणा

अ‍ॅडोबीने मे २०१३ मध्ये एकदाच विकत घेण्याची पद्धत मोडीत काढून वर्गणीचा मार्ग धरला. वर्षातील काही महिनेच भरपूर काम असणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला बाराही महिने वर्गणी भरणे जड जाते, हे खरे आहे. ही अडचण समजून न घेता केवळ उपदेश करणे सोपे असते. परंतु त्यावर क्रॅक हा जो उपाय काढला जातो, तो रोगापेक्षा भयंकर ठरू शकतो.

पहिला भाग कायद्याचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब अन्वये, बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही संगणकावर ती वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हा वापर कमाईसाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कारावास टाळून दंडापुरती शिक्षा देऊ शकते. स्टुडिओला ही पळवाट उपलब्ध नाही, कारण त्याचा वापर व्यवसायासाठीच असतो. त्याचप्रमाणे ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असे लिहिलेली अनेक प्लग-इन प्रामाणिकपणे उतरवून घेतली, तरी पैसे घेऊन केलेल्या कामासाठी ती वापरणे परवान्याचे उल्लंघन ठरते. ही बारीक अक्षरांतली ओळ सहसा वाचली जात नाही.

दुसरा भाग सुरक्षेचा. २०१८ पासून जगभर पसरलेल्या ‘स्टॉप’ अथवा ‘डीजेव्हीयू’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसचा मुख्य मार्ग क्रॅक आणि नकली परवाना-क्रमांक तयार करणारे प्रोग्राम हाच होता. हा व्हायरस संगणकातील फाईल कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. त्याचे लक्ष्य मोठ्या कंपन्यांपेक्षा घरगुती आणि छोट्या संगणकांवर अधिक होते. क्रॅक चालवताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना असते आणि ती निमूटपणे पाळलीही जाते. चोराला आत येण्यापूर्वी राखणदाराला सुटी देण्यासारखाच हा प्रकार. अशा वेळी ज्यांचे लग्न झाले, त्यांना पैसे परत देता येतील. अक्षता पडतानाचा क्षण परत देता येणार नाही.

धोका केवळ चोरीच्या मालातच असतो असेही नाही. २०१५ मध्ये ‘सोर्सफोर्ज’ या नामांकित संकेतस्थळावरून गिम्प उतरवून घेणाऱ्यांना मूळ सॉफ्टवेअरबरोबर जाहिरातींचे प्रोग्रामही मिळत असल्याचे उघड झाले होते. गिम्पच्या मंडळींनी ते संकेतस्थळ २०१३ मध्येच सोडले होते. सॉफ्टवेअर निर्दोष असले, तरी ते कोणत्या दारातून आणले, यालाही महत्त्व असते.

अजिंठ्याचा धडा

मूळ प्रतिमेवर चढविलेला लेप किती महागात पडतो, हे या जिल्ह्याला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. १८४४ मध्ये रॉबर्ट गिल अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आले. त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतांश प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या अनेक प्रतिकृतीही १८८५ मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या. एकाच जागी ठेवलेली प्रत ही असून नसल्यासारखी असते, हा त्यातला एक धडा. दुसरा अधिक कटू आहे. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश लावले गेले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनीही चित्रे जपण्याच्या हेतूने त्यांवर लाखेचा लेप दिला. कालांतराने हे थर पिवळे-काळे पडले आणि ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याला अनेक दशके झटावे लागले. हेतू चांगला होता. थर उलटवता येण्याजोगा नव्हता.

आज मोफत फिल्टर लावून मूळ फाईलवरच ‘सेव्ह’ करणारा कारागीर वेगळे काय करतो? त्या वर्षी चलतीत असलेली त्वचेची नितळाई किंवा केशरी छटा पाच वर्षांनी हास्यास्पद वाटू लागते. मूळ छायाचित्र शिल्लक नसेल, तर आजीच्या चेहऱ्यावरच्या पुसलेल्या रेषा परत येत नाहीत. फोटोशॉपमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून ‘स्मार्ट फिल्टर’ आणि गिम्पच्या तिसऱ्या आवृत्तीत मूळ प्रतिमेला धक्का न लावणारे फिल्टर उपलब्ध आहेत. लावलेला परिणाम त्यांत हवा तेव्हा काढता येतो. प्रत्येक प्लग-इन याला साथ देतेच असे नाही. म्हणून वेगळ्या थरावर काम करणे आणि कॅमेऱ्यातील मूळ फाईल न पुसणे, ही सवयच उपयोगी पडते.

ग्राहकाचे काय?

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी मोफत प्लग-इन मोठ्या संख्येने येत आहेत. त्यांतील काही आपल्याच संगणकावर काम करतात, तर काही छायाचित्र दूरच्या सर्व्हरवर पाठवून तेथून बदलून आणतात. दुसऱ्या प्रकारात नववधूचे, लहान मुलांचे छायाचित्र परक्याच्या ताब्यात जाते आणि त्याचे पुढे काय होते, हे स्टुडिओचालकालाही ठाऊक नसते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. कायदा पुरता लागू होण्याची वाट न पाहता ग्राहकाला विचारून मगच अशी साधने वापरणे, हा साधा व्यवहारधर्म आहे.

मार्ग काय?

पैसे नसणे हा गुन्हा नाही आणि मोफत साधने वापरणे हा कमीपणा नाही. गरज आहे ती निवड डोळसपणे करण्याची. प्लग-इन नेहमी निर्मात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. त्याचा परवाना व्यावसायिक वापराला मुभा देतो का आणि त्याची शेवटची सुधारणा केव्हा झाली, हे पाहावे. ज्यासाठी अँटीव्हायरस बंद करावा लागतो, ते संगणकात येऊच देऊ नये. हंगामाच्या ऐन मध्यावर सॉफ्टवेअर अद्ययावत करू नये, कारण जुनी प्लग-इन नेमकी तेव्हाच बंद पडतात. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियमही पाळण्याजोगा आहे : प्रत्येक छायाचित्राच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुकानाबाहेर. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर व्हायरस काढण्याची साधने विनामूल्य मिळतात आणि सायबर गुन्ह्यांत आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते.

छायाचित्रकारांच्या संघटनांनाही येथे काम आहे. कॅमेरा कंपन्यांच्या कार्यशाळा शहरात होतात. तशीच एखादी कार्यशाळा मुक्त सॉफ्टवेअर आणि परवान्यांवर झाली, तर नव्याने धंद्यात उतरणाऱ्या मुलांना क्रॅकपासून सुरुवात करावी लागणार नाही. वर्गणीचा भार हंगामापुरता वाटून घेता येईल का, याचाही विचार एकत्रितपणे होऊ शकतो.

देणगी कृतज्ञतेने घ्यावी, उसनवारी परत द्यावी लागणार हे गृहीत धरून घ्यावी आणि चोरीच्या मालाला हात लावू नये, हा व्यवहार आपल्या बाजारपेठेला अनेक पिढ्यांपासून ठाऊक आहे. दुकानातला माल पेटीऐवजी फाईलमध्ये आला, एवढाच काय तो बदल. ग्राहक छायाचित्रकाराच्या हाती आपली आठवण विश्वासाने सोपवितो. ती सांभाळणारे साधन कोणाचे आहे, हे त्याला विचारता येत नाही. म्हणून ते विचारण्याची जबाबदारी स्टुडिओवरच येते.